ब्रॉयलर विकावेत केव्हा?

कोंबडी जितकी जड तितका नफा जास्त, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. आम्हाला ते पटत नाही.

खर्चाचा दोन तृतीयांश भाग खाद्यातच जातो. हल्लीच्या जातींची पिल्ले पाच आठवड्यांत सुमारे 2 किलोची होतात. तोवर किलोमागे दीड-पावणेदोन किलो खाद्य लागते. पुढे मात्र मोठे शरीर नुसते जगवायलाच बरेच खाद्य खर्ची पडते. सहाव्या आठवड्यात वाढणाऱ्या प्रत्येक किलोला सुमारे 2 किलो खाद्य जाते. खाद्य 40 रुपये किलो धरले, तर तो वाढीव किलो 80 रुपयांना पडला! शिवाय एखादी जड कोंबडी मेली की तिने खाल्लेले सगळेच बुडाले.

त्यातही मादी लवकर मंदावते आणि चरबी धरते. नर मात्र झपाट्याने वाढत राहतो. म्हणून सगळा कळप एकाच दिवशी काढू नये. चौथ्या-पाचव्या आठवड्यात तुरा पाहावा: नराचा मोठा व लालभडक, पायही जाड. पस्तिसाव्या दिवसाच्या सुमारास माद्या विकाव्यात. त्या रात्री, मंद उजेडात पकडाव्यात, म्हणजे नर बिथरत नाहीत. मागे राहिलेल्या नरांना जागा व भांडी ऐसपैस मिळतात. त्यांना आठवडाभर ठेवायला हरकत नाही.

मात्र गिऱ्हाईक आधी विचारावे. तंदूरवाल्यांना सव्वा किलोच्या आतलीच कोंबडी हवी असते. एप्रिल-मेमध्ये तर नरही ठेवू नयेत, कारण उष्म्याने जड पक्षीच आधी दगावतात.

नाताळच्या विक्रीसाठी नरांची पिल्ले 11 नोव्हेंबरला, माद्यांची 18 नोव्हेंबरला आणली तर दोन्ही एकदम तयार होतात. पण उबवणी केंद्राकडून नर-मादी वेगळी करून मिळत असतील तरच.