सूक्ष्मजैव विद्युत् संश्लेषण : पर्यावरणीय परिणाम

विद्युत् अग्रावाटे इलेक्ट्रॉन पुरवून सूक्ष्मजीवांकडून कार्बन डाय-ऑक्साइडापासून रासायनिक पदार्थ बनवून घेण्याच्या प्रक्रियेस सूक्ष्मजैव विद्युत् संश्लेषण म्हणतात. सूक्ष्मजीवांच्या क्रियेतून वीज मिळते, हे एम्. सी. पॉटर यांनी १९११ मध्ये दाखविले. याच्या उलट क्रिया मॅसॅचूसेट्स विद्यापीठातील केली नेव्हिन, डेरेक लव्हली व त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये घडवून आणली. ऋणाग्रावर वाढविलेल्या स्पोरोम्युसा ओव्हाटा या जीवाणूंनी त्या वेळी मुख्यत्वे ॲसिटेट तयार केले.

कच्चा माल : नांदेड व लातूर जिल्ह्यांसारख्या ऊस पिकविणाऱ्या प्रदेशात सूक्ष्मजीवांचा परिचित रासायनिक उपयोग म्हणजे मळीच्या किण्वनाने मद्यार्क बनविणे हा होय. एक लिटर मद्यार्कामागे सु. ०·७५ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड व साधारणपणे १०–१५ लि. गडद तपकिरी सांडपाणी (स्पेंटवॉश) निर्माण होते. किण्वन टाकीतील हा वायू बराच शुद्ध असल्याने नव्या प्रक्रियेस सोयीचा आहे. सांडपाण्याचा प्रश्न मात्र तिने आपोआप सुटत नाही.

ऊर्जा : ॲसिटिक अम्लाच्या एका रेणूस ८ इलेक्ट्रॉन लागतात. विद्युत् घटाचा दाब ३ व्होल्ट धरल्यास, इलेक्ट्रॉन मुळीच वाया न जाताही १ किग्रॅ. अम्लास सु. ११ युनिट वीज लागते. त्यात सु. १·५ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड बद्ध होतो. कोळशावरील एक युनिट वीज साधारणतः १ किग्रॅ.च्या आसपास हा वायू हवेत सोडते. म्हणजे अशा विजेवर ही प्रक्रिया चालविल्यास बद्ध होणाऱ्या वायूच्या सु. सातपट वायू उत्सर्जित होईल. सौर वा पवन विजेवरच तिचा पर्यावरणीय लाभ संभवतो. शिवाय अम्लाचे विघटन झाल्यावर बद्ध कार्बन पुन्हा हवेत जातो.

पाणी : रासायनिक समीकरणानुसार १ किग्रॅ. अम्लास केवळ ०·६ लि. पाणी खर्ची पडते. परंतु उत्पादन विरल द्रावणात मिळत असल्याने संवर्धन-द्रव व शुद्धीकरण यांसाठी पाणी व ऊर्जा अधिक लागते. पाण्यात क्लोराइडे असल्यास धनाग्रावर विषारी क्लोरीन वायू निर्माण होऊ शकतो. लातूर शहरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. अशा प्रदेशात प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा पुनर्वापर ही या उद्योगाची पहिली अट ठरते.