‘बँक’ आणि ‘लाइन’ : उसन्या शब्दांची अनेकार्थता

परभाषेतील शब्द स्वीकारताना त्याचे सर्व अर्थ स्वीकारले जातातच असे नाही. ‘बँक’ व ‘लाइन’ या परस्परांशी संबंध नसलेल्या दोन इंग्रजी शब्दांच्या तुलनेतून हे स्पष्ट होते.

इंग्रजीत ‘बँक’ म्हणजे पेढी, तसाच नदीचा काठही. पहिल्या अर्थाचा शब्द बाक किंवा मेज असा अर्थ असलेल्या इटालियन शब्दावरून आला; दुसरा जर्मानिक परंपरेतला. म्हणून इंग्रजी कोशकार त्यांच्या स्वतंत्र नोंदी करतात. ही समरूपता होय. ‘लाइन’चे मूळ मात्र जवसाच्या धाग्याच्या वाचक लॅटिन शब्दात आहे. रेषा, ओळ, रांग, लोहमार्ग, तार हे सारे त्या एकाच अर्थाचे विस्तार आहेत. ही अनेकार्थता होय.

मराठीत या दोन शब्दांची वाटचाल भिन्न झाली. मुठेकाठचे वारजे १९९७ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले, तरी तेथे नदीला ‘काठ’च राहिला. ‘बँक’ म्हणजे केवळ पैशांचा व्यवहार करणारी संस्था. मुंबईत १८४० साली ‘बँक ऑफ बॉम्बे’ व पुण्यात १९३५ साली ‘बँक ऑफ महाराष्ट्र’ स्थापन झाली. शब्द आला तो अशा संस्थांबरोबर. काठ, तीर, तट हे शब्द असताना दुसऱ्या अर्थाची गरजच नव्हती.

परंतु गरज हे एकमेव कारण मानता येत नाही. कवितेची ‘ओळ’ व भूमितीतील ‘रेषा’ टिकून राहिल्या. ‘रांग’ हा शब्द असूनही तिच्या जोडीला ‘लाइन’ आली. शिवाय रेल्वेची लाइन, पोलीस लाइन, विजेची लाइन हे अर्थ रूढ झाले. परिणामी ‘बँकेत लाइन नाही’ या वाक्यातील ‘बँक’ निःसंदिग्ध आहे, ‘लाइन’ मात्र संदिग्ध. गर्दी नसल्याची ती सुवार्ता असेल किंवा वीज गेल्याची तक्रार. वारज्यासारख्या, ग्रामीण व नागर बोली शेजारी नांदणाऱ्या वस्तीत दोन्ही अर्थ संभवतात.

सारांश, इंग्रजीतील समरूप शब्द मराठीत एकार्थी झाला. अनेकार्थी शब्दाचे मोजकेच अर्थ आले. म्हणून मराठी कोशकाराने अशा शब्दांची नोंद इंग्रजी कोशावरून उतरवून घेऊ नये. प्रत्येक अर्थाचा मराठीतील वापर स्वतंत्रपणे तपासूनच ती करावी. अन्यथा जे अर्थ मराठीत नाहीत ते कोशात शिरतील आणि जे आहेत ते बाहेर राहतील.