बारा दिवसांचे व्याज आणि जतचे पाणी

जत तालुक्यातल्या कुठल्याही गावच्या पारावर बसा, बोलणे फिरून फिरून पाण्यावर येते आणि पाण्यावरून सरकारवर. "सरकारकडं काय कमी हाय? मनात आणलं तर उद्या पाणी येईल," असे म्हणणारा एकजण तरी भेटतोच. सरकारच्या मनात काय आहे हा राजकारणाचा भाग झाला. पण तिजोरीत पैसा येतो कुठून आणि जातो कुठे, हा हिशेबाचा भाग आहे. आणि ज्याला दर हंगामाला खत, औषध, मजुरी आणि सोसायटीचा हप्ता यांचा मेळ घालावा लागतो, त्या शेतकऱ्याला हिशेब शिकवायची गरज नाही.

राज्याचा ताळेबंद

राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटी रुपयांचा मांडला गेला. त्यात महसुली जमा सुमारे ५ लाख ६१ हजार कोटी आणि महसुली खर्च सुमारे ६ लाख ७ हजार कोटी. म्हणजे पगार, पेन्शन, व्याज आणि अनुदाने या नेहमीच्या खर्चालाच जवळजवळ ४६ हजार कोटी कमी पडले. घरात रोजच्या किराण्यासाठी उसनवारी करावी लागली तर आपण त्या घराला काय म्हणतो?

वर्षअखेरीस राज्यावरचे कर्ज सुमारे ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल, असा अंदाज त्याच अर्थसंकल्पात होता. राज्यातल्या लहानथोरांत वाटले तर माणशी सत्तर हजारांच्या पुढे जाते. राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या मानाने हे कर्ज ठरलेल्या मर्यादेत आहे, हेही सांगितले पाहिजे. पण मर्यादेतल्या कर्जालाही व्याज लागतेच. ते वर्षाला साठ हजार कोटींच्या वर, म्हणजे रोजचे एकशे साठ कोटींहून जास्त. रविवार नाही, सुट्टी नाही.

आता हा आकडा जतच्या आकड्याशेजारी ठेवून पाहू. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी जतच्या सीमेवरील चाळीस गावांवर हक्क सांगितला आणि राज्यभर गदारोळ झाला. त्या गावांचे दुखणे भाषेचे कमी आणि पाण्याचे जास्त होते. त्यानंतर पाण्यापासून वंचित राहिलेल्या ६५ गावांसाठी विस्तारित म्हैसाळ योजनेच्या हालचालींना वेग आला. तिचा खर्च सुमारे २ हजार कोटी. राज्य व्याजापोटी जे भरते त्याच्या हिशेबाने हे फक्त बारा दिवसांचे व्याज झाले! ज्या पाण्यासाठी दोन पिढ्या टँकरची वाट पाहत राहिल्या, त्याची किंमत सरकारच्या बारा दिवसांच्या व्याजाएवढी आहे.

कर्ज वाईट नसते, वापर वाईट असतो

याचा अर्थ सरकारने कर्जच काढू नये असा नव्हे. एकाने कर्ज काढून शेततळे केले, ठिबक बसवले, डाळिंब लावले. दुसऱ्याने तेवढेच कर्ज काढून लग्नाचा मांडव घातला. सोसायटीच्या वहीत दोघांची रक्कम सारखीच, पण पहिल्याचे कर्ज शेतच फेडते. दुसऱ्याचे कर्ज फेडायला शेत विकावे लागते. ऋण काढून सण करू नये हे जुने लोक सांगत आले, ते सरकारलाही तेवढेच लागू आहे.

चांगल्या कामासाठी काढलेले कर्जही काम लांबले की बुडीत जाते. कृष्णेचे वाट्याला आलेले पाणी मे २००० पर्यंत अडवायचे म्हणून १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. सरकारच्या हमीवर खुल्या बाजारात रोखे विकून, त्या काळच्या चढ्या व्याजाने पैसा उभा केला. हेतू चांगलाच होता. पण पैसा थोडा आणि नारळ फुटले फार. एका मोटरला दहा पाइप जोडले की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसे झाले. प्रत्येक मतदारसंघात काम निघाले आणि मुदतीत पुरे झालेले थोडेच. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू!

म्हैसाळ योजनेचीही तीच गत. १९८४ च्या सुमारास ताकारी-म्हैसाळचा अंदाज ८२ कोटींच्या घरात होता. तो पुढे काही हजार कोटींवर गेला. यात महागाई आली, वाढलेले क्षेत्रही आले. पण लांबलेल्या वर्षांचाही त्यात मोठा वाटा आहे.

फुकट विजेचे गणित

पाणी आले तरी प्रश्न संपत नाही. कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने पंपाने वर चढवायचे, तर विजेचे बिल येणारच. थकलेल्या बिलापायी म्हैसाळचे पंप बंद राहिल्याचे दिवस आपण पाहिलेत. पुढे बिलाचा ८१ टक्के भार सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्याने उचलायचा असे ठरले. तेव्हापासून आवर्तनाला जरा शिस्त आली. ऊस असेल तिथे कारखान्याच्या बिलातून पाणीपट्टी कापली जाते. जिथे ऊस नाही, तिथे वसुली गावाच्या एकीवर अवलंबून असते.

पंपांची वीज स्वस्त व्हावी म्हणून म्हैसाळसाठी सौर प्रकल्पही मंजूर झाला आहे. त्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचे कर्ज आहे. कर्ज म्हटले की नाक मुरडणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. हे कर्ज दरवर्षीचे वीजबिल कमी करणार, म्हणजे स्वतःची परतफेड स्वतः करणार. वेळेत पुरे झाले तर!

याच्या शेजारी दुसरा खर्च ठेवा. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज सुरू झाली. तिचा बोजा वर्षाला साडेचौदा हजार कोटींच्या पुढे. एवढ्या पैशात दरवर्षी विस्तारित म्हैसाळसारख्या सात योजना होतील. पूर्व भागातला शेतकरी विचारतो, "साहेब, वीज फुकट हाय, पण हिरीत पाणीच न्हाई, मोटर चालवू कशावर?" या प्रश्नाला उत्तर नाही. विहिरीला पाणी असणाऱ्याला सवलत मिळाली आणि पाणी नसणाऱ्याला कागद. वर फुकट उपशाने भूजल आणखी खाली गेले, तर उद्या दोघेही सारखेच कोरडे.

कर्जमाफीचेही असेच. २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन मोठ्या माफ्या झाल्या. बुडत्याला हात द्यावाच लागतो. दुष्काळात होरपळलेल्याला तो मिळाला याचे वाईट वाटायचे कारण नाही. पण नियमित फेडणाऱ्याला पन्नास हजारांपर्यंतच्या प्रोत्साहनासाठी वर्षानुवर्षे ताटकळावे लागले. तेव्हा "आपण भरलं तेच चुकलं का?" असे तो म्हणाला, तर त्याचे काय चुकले? आणि दुसरीकडे २०२५ मध्ये जलजीवनच्या कामांची बिले थकली म्हणून कंत्राटदार आंदोलनाला बसले. तिजोरी एकच असते. एका खिशातून वाटले की दुसऱ्या खिशातले काम थांबते.

शेतकऱ्याने वाढ करून दाखवली

सरकारने वाटल्याशिवाय गाव पुढे जात नाही, हेही पूर्ण खरे नाही. द्राक्षाला हमीभाव नाही, डाळिंबाला नाही, बेदाण्याला नाही. तरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या भागाने याच मालावर घरे बांधली, पोरे शिकवली. मालाला बाजार मोकळा होता म्हणून हे झाले.

१९९१ मध्ये देशाची पत संपली. परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले आणि सोने गहाण ठेवावे लागले. त्या काळी बँकेतल्या नव्या ठेवींतला निम्म्याहून जास्त पैसा कायद्यानेच सरकारी रोख्यांत आणि रिझर्व्ह बँकेत जात होता. उरलेल्यात कारखानदार, व्यापारी आणि शेतकरी. सरकार जास्त उचलते तेव्हा आपल्या वाट्याला कमी उरते, हे त्यातून शिकावे. ते बंधन सैल झाले, व्यापार खुला झाला, आणि महाराष्ट्राचे द्राक्ष युरोपच्या बाजारात पोचले. शरद जोशी "भीक नको, हवे घामाचे दाम" म्हणत होते, त्याचा अर्थ हाच.

आजही एका हाताने अनुदान द्यायचे आणि दुसऱ्या हाताने भाव पाडायचे, हा खेळ चालतो. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ कांद्याची निर्यात बंद होती. त्या काळात कांदेवाल्याचे जे गेले ते कुठल्या अनुदानाने भरून निघाले?

मात्र बाजार सगळेच करील असे समजू नये. कृष्णेचे पाणी संख-उमदीपर्यंत उचलायला कुठली खासगी कंपनी आली नसती. म्हणून तर सरकारने मोजकी कामे हातात घ्यावीत आणि ती पुरी करावीत. पाणी, रस्ते, वीज, संशोधन. शेतमालाच्या वाटेत आडवे येऊ नये.

गावाने काय करावे?

पहिले, पाणीपट्टी वेळेवर भरावी. पैसे भरणाऱ्याला आवर्तनाची तारीख विचारता येते, फुकट घेणाऱ्याला हात जोडावे लागतात. दुसरे, २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याखाली पाणीवापर संस्था नोंदवून घ्याव्यात आणि पाणी मोजून घ्यावे. तिसरे, सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी विस्तारित योजनेचा कुठला टप्पा किती झाला, यंदा किती निधी आला, याची माहिती लेखी मागवून ग्रामसभेत वाचून दाखवावी. आणि चौथे, मते मागायला कोणी नवी फुकट योजना घेऊन आला, तर त्याला एवढेच विचारावे: "पैसा कुठनं आणणार, आणि त्यापायी आमचं कुठलं काम थांबणार?"

साबणापासून डिझेलपर्यंत प्रत्येक वस्तूवर आपण कर भरतो. तेव्हा हा प्रश्न विचारायचा हक्क जतच्या शेवटच्या वाडीलाही आहे.