रात्रीचा रस्ता आणि मोटरसायकलचे जादा दिवे

मोटरसायकलचा दिवा हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे काहींच्या मनात येईल. परंतु आपल्या बीड जिल्ह्यात रात्री मोटरसायकलवर कोण असतो, हे एकदा डोळ्यांसमोर आणावे. पहाटे चार वाजता कॅन बांधून निघालेला दूधवाला असतो. मोंढ्यात रात्री उशिरा ट्रक खाली करून आठ-दहा मैलांवरच्या गावी परतणारा हमाल असतो. दुसरी पाळी संपवून घर गाठणारा कामगार असतो. ही माणसे हौसेने रात्री हिंडत नाहीत. पोट त्यांना हिंडवते. त्यांचा जीव त्या ओंजळीएवढ्या दिव्यावर अवलंबून असतो. म्हणून हा विषय मला श्रमिकांच्या हक्कांच्या विषयाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

हल्ली बाजारात एलईडीचे लहान पण झगझगीत दिवे स्वस्तात मिळतात आणि तरुण मुले ते गाडीला पुढे बसवून घेतात. त्याने रात्रीचा प्रवास सुरक्षित होतो काय? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी दिव्याची कामे कोणती, हे आधी पाहिले पाहिजे. ती तीन आहेत. चालकाला रस्ता दाखवणे, चालक इतरांना दाखवणे आणि हे करीत असता समोरच्याचे डोळे न दिपवणे.

पहिले काम रस्ता दाखवण्याचे. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे सरकते. अडथळा डोळ्यांना दिसला, तो मनाने ओळखला आणि हात ब्रेककडे गेला, एवढ्यात एक ते दीड सेकंद जातो. म्हणजे 17 ते 25 मीटर गेले. पुढे कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागून गाडी उभी राहायला आणखी 20 ते 25 मीटर लागतात. एकूण 40 ते 50 मीटर झाले. आता साध्या गाडीचा 35 वॅटचा दिवा खाली केलेला असता, काळी घोंगडी पांघरलेला माणूस किंवा धुळीने माखलेली ट्रॉली साधारण एवढ्याच अंतरावर, पुष्कळदा त्याहूनही जवळ आल्यावर दिसते. याचा अर्थ असा की 60 च्या वेगाने जाणारा माणूस आपल्या उजेडाच्या अगदी काठावरून गाडी हाकीत असतो. काचेवर चिखल असेल, तर तो काठाच्याही पलीकडे गेलेला असतो.

मग दुप्पट प्रकाशाचा दिवा लावला तर दुप्पट लांबचे दिसेल काय? नाही. निसर्गाचा नियम इथे आडवा येतो. अंतर दुप्पट झाले की वस्तूवर पडणारा प्रकाश निम्मा होत नाही, तो चौथा हिस्सा उरतो. म्हणजे दुप्पट लांबचे तेवढेच स्पष्ट दिसायला चौपट प्रकाश हवा. नुसता दुप्पट केला, तर 40 मीटरचे फार तर 56 मीटर होतील. उलट वेग 60 वरून 45 वर आणला, तर तीच गाडी 25 ते 32 मीटरांत उभी राहते. हा उपाय कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही आणि त्याला एक पैसाही पडत नाही. जादा दिव्याचा विचार करणाऱ्याने हा हिशोब आधी मांडावा.

दुसरे काम दिसण्याचे, आणि माझ्या मते जादा दिव्याचा खरा उपयोग येथेच आहे. अमेरिकेत प्राध्यापक हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील मोटरसायकलच्या 900 अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. त्यांचा अहवाल 1981 साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या वाहनाशी टक्कर झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत त्या दुसऱ्या चालकाने मोटरसायकलचा वाट मिळण्याचा हक्क मोडला होता. याचे मोठे कारण असे होते की मोटरसायकल त्याला दिसलीच नाही, किंवा दिसली तेव्हा वेळ टळून गेली होती.

यात डोळ्यांचा दोष असा आहे. मोटार समोरून येते तेव्हा तिच्या दोन दिव्यांमधले अंतर वाढताना दिसते, त्यावरून ती किती जवळ आली याचा अंदाज लागतो. मोटरसायकलचा एकच ठिपका. तो दूर आहे की जवळ, सावकाश येतो की वेगाने, हे ओळखणे कठीण जाते. मोठ्या दिव्याच्या खाली, दोन्ही बाजूंना एकेक मंद दिवा लावला की तीन ठिपक्यांचा त्रिकोण होतो. गाडी जवळ येईल तसा तो मोठा होत जातो आणि समोरच्याला अंतराचा अंदाज येतो. म्हणून दिसण्यासाठी लावलेल्या दिव्यांत जोर फार नको. ते एकमेकांपासून दूर हवेत. ही कल्पना अगदी नवीही नाही. 1955 साली मद्रासमध्ये स्थापन झालेल्या एनफिल्ड इंडियाच्या बुलेटवर मोठ्या दिव्याच्या दोन बाजूंना जे चिमुकले टायगर लॅम्प असत, त्यांनी रस्ता उजळत नसे. गाडी मात्र दिसत असे. आपल्या सरकारने 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाक्यांना दिवसाही जळणारा पुढचा दिवा सक्तीचा केला, तोही याच हेतूने. सुरुवातीला गावोगाव लोक पंजा उघडमीट करून 'लाईट चालू आहे' अशी खूण करीत. दिवा स्वतःला पाहण्यासाठी असतो, एवढेच आपल्याला तोवर ठाऊक होते.

तिसरे काम सर्वांत दुर्लक्षित आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर एकदम तीव्र झोत पडला की काही सेकंद माणूस आंधळ्यासारखा होतो. 60 च्या वेगात तीन सेकंद म्हणजे 50 मीटर. एवढा रस्ता तो समोरचा माणूस न पाहता कापतो, आणि तो ज्याला चुकवू शकत नाही तो कदाचित आपणच असतो. झगझगीत दिवा वर रोखून लावणारा आपला अंधार दुसऱ्याच्या डोळ्यांत टाकतो. त्याने अंधार नाहीसा होत नाही.

आता बसवण्याविषयी. आधी आहे तो दिवा नीट करावा. गाडी सपाट जागी भिंतीसमोर 10 मीटरवर उभी करावी, वर चालक बसवावा. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खूण करावी. खाली केलेल्या झोताची वरची कड त्या खुणेच्या सुमारे 10 सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. मागे दुधाचे कॅन किंवा दोन माणसे बसली की गाडीचा मागचा भाग दबतो, तोंड वर होते आणि झोत बाभळीच्या शेंड्यावर जातो. म्हणून नेहमी ओझे नेणाऱ्याने ओझ्यासकटच दिवा जुळवून घ्यावा.

जादा दिवे लावताना विजेचा हिशोब पाहावा. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. 20 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टच्या गाडीवर सुमारे 3.3 अँपिअर ओढतात. म्हणजे गाडीच्या मूळ दिव्याहून अधिक. गाडीची वीज निर्माण करण्याची शक्ती मर्यादित असते. ती ओलांडली की बॅटरी उतरते आणि ऐन रात्री गाडी दगा देते. मूळ दिव्याच्या बारीक तारेलाच नवी तार पिळून जोडणे हे तर संकटाला आमंत्रण. तारेतील उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. यासाठी बॅटरीपासून स्वतंत्र तार, तिच्यावर फ्यूज आणि बटणावर भार येऊ नये म्हणून रिले, एवढे मिस्त्रीकडून मागून घ्यावे.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढचा झोत खाली वळलेलाच पाहिजे. 8 मीटरवर उभ्या माणसाचे डोळे त्याने दिपता कामा नयेत. पुढे तांबडा दिवा चालत नाही, मागे तांबड्याखेरीज दुसरा चालत नाही, आणि शोधझोताला साधारणपणे परवानगी नाही. म्हणून दिवे घेण्यापूर्वी आरटीओ कचेरीत विचारून घेणे शहाणपणाचे.

आतापर्यंत पुढचा दिवा पाहिला. परंतु आपल्या भागात पुष्कळ माणसे मागच्या अंधारात जातात. कॅनच्या, चाऱ्याच्या, वाढ्याच्या भाऱ्याखाली मोटरसायकलचा मागचा दिवा झाकून जातो. हंगामात तर रस्त्यावर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या असतात. बाहेर आलेल्या उसामागे त्यांचे दिवे, असलेच तर, दडतात. तशाच बैलगाड्या. आपल्याच जिल्ह्यातून कोयता घेऊन गेलेली नवराबायको तिच्यावर बसून पहाटे कारखान्याकडे निघालेली असतात. मागून येणारा मोटरसायकलवालाही बहुधा आपल्यासारखाच कष्टकरी असतो. ह्याला ती दिसत नाहीत आणि दोन्ही घरे उजाड होतात.

यावर परावर्तक पट्टी हा फार स्वस्त उपाय आहे. तिला वीज लागत नाही. तिच्यातील बारीक काचमणी किंवा लोलक पडलेला प्रकाश आला त्याच वाटेने परत पाठवतात, त्यामुळे दिवा लावणाऱ्यालाच ती लांबून चमकताना दिसते. 35 वॅटच्या साध्या दिव्यालाही ती काळ्या ट्रॉलीच्या कितीतरी आधी दिसते. मोटरसायकलच्या मागे, कॅनवर आणि हेल्मेटवर ती प्रत्येकाने लावावी. ट्रॉलीवर आणि बैलगाडीवर ती लावण्याचा खर्च मात्र मजुराच्या उचलीतून कापू नये. ज्यांचा ऊस वाहिला जातो आणि ज्यांची वाहने आहेत, त्यांची ती जबाबदारी आहे. काम करताना जीव सुरक्षित राहावा हा मजुरीचाच भाग आहे, आणि तो मागताना कामगाराने संकोच करण्याचे कारण नाही.

जादा दिवे लावायचे त्यांनी जरूर लावावेत. पण ते खाली, रुंद आणि मंद असावेत. त्याआधी मागचा दिवा पुसून घ्यावा, पट्टी लावावी आणि वेग थोडा कमी करावा. दिवा विकत घेताना दुकानदाराला तो किती लांब फेकतो एवढेच आपण विचारतो. समोरच्या माणसाला तो कसा दिसतो, हाही प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर आपल्या रस्त्यांवरची पुष्कळ माणसे रात्री घरी पोहोचतील.