बिबट्या, डबेवाले आणि खोडदची दुर्बीण : जुन्नर-आंबेगाववर झालेलं संशोधन आपल्यापर्यंत का पोहोचत नाही?

पुणे-नाशिक हायवेवर मंचर सोडलं, नारायणगाव आलं की दोन्ही बाजूंना ऊस, टोमॅटो आणि द्राक्षाचे मांडव दिसायला लागतात. बाहेरच्या माणसाला जुन्नर म्हटलं की शिवनेरी आठवतो, आंबेगाव म्हटलं की भीमाशंकर. पण जगभरातल्या संशोधकांना हे दोन तालुके वेगळ्याच कारणांसाठी माहितीयेत. कुणी इथल्या माणसांच्या स्थलांतरावर लिहिलंय, कुणी इथल्या बिबट्यांवर, तर कुणी इथल्या जमिनीवर उभं राहून अब्जावधी वर्षांपूर्वीचं विश्व पाहिलंय.

गंमत अशी की ज्यांच्यावर हे संशोधन झालं, त्यांच्या मोबाईलवर मात्र ते कधीच येत नाही. येतात ते फॉरवर्ड. आणि फॉरवर्डमध्ये काय सांगतात आणि संशोधनात खरं काय लिहिलंय, यात बऱ्याचदा जमीन-अस्मानाचा फरक असतो. तीन उदाहरणं बघू, म्हणजे विषय लक्षात येईल.

पहिलं उदाहरण : डबेवाल्यांचं सर्टिफिकेट

मुंबईचे डबेवाले म्हणजे मूळचे मावळ पट्ट्यातले. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशी, अकोले या भागातून मुंबईला गेलेली माणसं. ही परंपरा १८९० पासूनची सांगितली जाते. कोरोनाच्या आधी साधारण ५ हजार डबेवाले मुंबईत काम करत होते.

त्यांच्याबद्दलचा एक मेसेज तुम्ही नक्की वाचला असणार. "फोर्ब्सने डबेवाल्यांना सिक्स सिग्मा सर्टिफिकेट दिलं." सिक्स सिग्मा म्हणजे काय? तर १० लाख वेळा काम केलं तर चूक ३.४ वेळाच व्हावी, असा दर्जा. कारखान्यांमध्ये हे मोजमाप वापरतात.

प्रत्यक्षात झालं असं की १९९८ मध्ये फोर्ब्सच्या एका पत्रकारानं डबेवाल्यांवर लेख लिहिला. डबा चुकण्याचं प्रमाण किती, हे त्यांनी डबेवाल्यांच्या प्रमुखांना विचारलं. उत्तर मिळालं की जवळजवळ नाहीच, दोन महिन्यांतून एखादा. त्या अंदाजाला रोजच्या डब्यांच्या संख्येनं गुणलं आणि ८० लाखांत एक, परतीचा डबाही धरला तर १ कोटी ६० लाखांत एक चूक असा आकडा निघाला. पुढे त्याच पत्रकारानं स्पष्ट केलं की फोर्ब्सनं असं कुठलंही सर्टिफिकेट दिलेलं नाही आणि लेखात सिक्स सिग्मा हा शब्दही वापरलेला नव्हता.

मग डबेवाल्यांचं काम कमी दर्जाचं आहे का? अजिबात नाही. २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या स्टीफन थॉमके यांनी त्यांच्यावर सविस्तर अभ्यास लिहिला. त्यातला मुद्दा सर्टिफिकेटपेक्षा कितीतरी मोठा आहे. ही व्यवस्था चालते ती लोकलच्या वेळापत्रकावर, डब्यावरच्या सोप्या खुणांवर आणि एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांच्या छोट्या गटांवर. नवा माणूस गावाकडच्या ओळखीतूनच येतो. एखाद्यानं घोळ घातला तर बातमी गावापर्यंत जाते.

म्हणजे मुंबईत डबा वेळेवर पोहोचतो याचं एक कारण गावकी-भावकीत आहे. स्थलांतराचा अभ्यास करणारे याला साखळी स्थलांतर म्हणतात. एक जण जातो, खोली घेतो, मग चुलतभाऊ जातो, मग मेहुणा. आपल्याकडं कित्येक घरांचा इतिहास हाच आहे. फॉरवर्डमुळे आपण नसलेल्या सर्टिफिकेटचा अभिमान बाळगला, आणि जे खरंच अभिमानाचं होतं ते वाचायचं राहून गेलं.

दुसरं उदाहरण : बिबट्याला जंगलात सोडून द्या

हा विषय जिवावरचा आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात अवघ्या तीन आठवड्यांत तिघांचा बिबट्याच्या हल्ल्यात जीव गेला. त्यात दोन लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग अडवला. मागणी साधी होती, बिबटे पकडा आणि इथून घेऊन जा.

हा राग समजून घ्यायला संशोधनाची गरज नाही. पण पकडून दुसरीकडं सोडलं तर काय होतं, हे तपासणारा जगातला एक महत्त्वाचा अभ्यास याच जुन्नर वनविभागात झालाय. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके या विभागात येतात.

विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०११ मध्ये 'कॉन्झर्वेशन बायॉलॉजी' या जर्नलमध्ये आला. त्यातले आकडे असे आहेत. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे. त्यानंतर बिबटे पकडून सरासरी ४० किलोमीटर लांबच्या जंगलात सोडायला मोठ्या प्रमाणात सुरुवात झाली. आणि हल्ल्यांची सरासरी वर्षाला १७ वर गेली. जिथं बिबटे सोडले त्या भागातही हल्ले वाढल्याचं दिसलं.

असं का व्हावं? संशोधकांनी काही कारणं मांडलीत. बिबट्याला आपला इलाखा सोडवत नाही, तो परत यायला बघतो. वाटेत अनोळखी गावं लागतात. पिंजऱ्यात अडकल्याचा, माणसांच्या गर्दीचा ताण असतो. आणि इकडं रिकाम्या झालेल्या जागेत नवा बिबट्या येऊन बसतो.

सोडलेला बिबट्या किती लांब जाऊ शकतो, याचं उदाहरण तर सगळ्यांना माहितीये. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. तो साधारण १२० किलोमीटर चालून थेट मुंबईच्या नॅशनल पार्कमध्ये पोहोचला. त्याचं नाव आजोबा. उर्मिला मातोंडकर यांचा सिनेमा आला होता तो याच्यावरच.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा अभ्यास "बिबट्याला हात लावू नका" असं म्हणत नाही. माणसावर हल्ले करणारा बिबट्या ठरवून पकडणं आणि दिसेल तो बिबट्या उचलून घाटात सोडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट आपल्यालाच महागात पडू शकते, एवढंच आकडे सांगतात.

मग बिबट्या गावाजवळ राहतो कशाला? शेजारच्या अकोले तालुक्यात याच संशोधकांनी रानात कॅमेरे लावले. २०१३ मध्ये 'प्लॉस वन' या जर्नलमध्ये निष्कर्ष आला की जंगल नसलेल्या या शेतीच्या पट्ट्यात १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ मोठे बिबटे राहतायत. म्हणजे ते जंगलातून वाट चुकून आलेले नाहीत, त्यांचं घरच इथं आहे. पुढच्या एका अभ्यासात त्यांचं मुख्य खाणं पाळीव जनावरं आणि त्यातही कुत्री असल्याचं दिसलं.

कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला. वर्षभर लपायला ऊस आणि गावाच्या कडेला कुत्री, शेळ्या. बिबट्याला आणखी काय पाहिजे? म्हणून गोठा बंदिस्त करणं, उघड्यावरचा कचरा आणि त्यामागं फिरणारी कुत्री कमी करणं, शेतीला दिवसा वीज देणं या मागण्या पिंजऱ्याइतक्याच महत्त्वाच्या ठरतात. रात्री मोटार चालू करायला उसाच्या कडेनं जाणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

तिसरं उदाहरण : दुर्बिणीमुळं रेल्वे गेली?

नारायणगावजवळच्या खोडदला मोठाल्या डिश दिसतात. ती जीएमआरटी, म्हणजे महाकाय मीटरलहर रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यातल्या १४ मध्यभागी जवळजवळ आहेत आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात लांबवर पसरल्यात. दोन टोकांच्या डिशमधलं अंतर २५ किलोमीटरपर्यंत जातं. या सगळ्या मिळून एकच दुर्बीण म्हणून काम करतात.

गोविंद स्वरूप यांनी १९८० च्या दशकात हिची कल्पना मांडली. घन पत्र्याच्या डिश परवडणाऱ्या नव्हत्या, म्हणून त्यांनी स्टीलच्या दोरांवर ताणलेली बारीक तारेची जाळी वापरली. जाळीतून वारा निघून जातो, त्यामुळं डिश हलकी झाली आणि खर्चही वाचला.

खोडदच का? कारण शहरांपासून लांब, आजूबाजूला डोंगरांचा आडोसा आणि रेडिओ लहरींचा गोंगाट कमी. शिवाय इथल्या अक्षांशावरून दक्षिणेकडचं आकाशही बरंच दिसतं.

या दुर्बिणीनं केलंय काय? २०१६ मध्ये युरोपचं शियापारेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण सिग्नल खोडदनं पकडला. २०२३ मध्ये विश्वात सतत घुमणाऱ्या अतिशय मंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जगासमोर आले, त्यातही इथली निरीक्षणं वापरली गेली.

आता अडचणीचा मुद्दा. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे, २३५ किलोमीटरची, चाकण, मंचर, नारायणगाव या बाजूनं जाणार होती. नंतर रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की जीएमआरटीच्या कामात अडथळा येईल म्हणून हा मार्ग शक्य नाही. अहिल्यानगर आणि शिर्डीवरून जाणारा पर्याय पुढं आला. जुन्नर-आंबेगावमध्ये नाराजी पसरली. टोमॅटो, भाजीपाला आणि नोकरीसाठी पुणे गाठणारी पोरं, सगळ्यांनाच ही रेल्वे हवी होती.

रेल्वेनं दुर्बिणीला काय होतं? दुर्बीण डोळ्यांनी दिसणारा उजेड बघत नाही, रेडिओ लहरी ऐकते. अवकाशातून येणाऱ्या या लहरी इतक्या क्षीण असतात की चंद्रावर चालू मोबाईल ठेवला, तर तो आकाशातल्या सगळ्यात ठळक रेडिओ स्रोतांमध्ये मोजला जाईल. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या वरच्या तारेशी ठिणग्या उडतात, गाडीतल्या यंत्रणा आणि मोबाईल लहरी सोडतात. कुजबुज ऐकणाऱ्याच्या कानाशी कुणी ताशा वाजवावा, तसं ते होतं.

म्हणजे शास्त्रज्ञांची अडचण खरी आहे. पण गावकऱ्यांचा प्रश्नही तितकाच खरा आहे. किती अंतरावर किती अडथळा येतो? बोगदा केला, मार्ग थोडा सरकवला तर भागेल का? याची उत्तरं मोजमापाची आहेत. ती मराठीत, आकड्यांसकट लोकांसमोर आली तर भांडण दुर्बीण विरुद्ध रेल्वे असं राहणार नाही. विज्ञानासाठी किंमत मोजायला लोक तयार होतात, पण कशाची किंमत मोजतोय हे त्यांना कळायला पाहिजे.

मग हे सगळं वाचायचं कुठं?

इथं ग्रंथालयशास्त्राचा विषय येतो. बिबट्यांचा २०११ चा अभ्यास ज्या जर्नलमध्ये आला, त्याला वर्गणी लागते. २०१३ चा अभ्यास मात्र खुल्या जर्नलमध्ये आहे, तो आत्ता मोबाईलवर फुकट उघडतो. विषय तोच, संशोधक तेच. एक दार बंद, एक उघडं.

केंद्र सरकारनं २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू केली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये आणि १३ हजारांवर जर्नल. पण ही सोय सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे. गावातल्या वाचनालयाचा त्यात नंबर नाही.

तरी सामान्य माणसाला चार वाटा मोकळ्या आहेत :

१. शोधगंगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ही वेबसाईट. देशातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध इथं फुकट वाचता येतात. जुन्नर, आंबेगाव, माळीण, डिंभे असे शब्द इंग्रजी स्पेलिंगमध्ये टाकून बघा. मराठी प्रबंधही सापडतात.

२. अर्काइव्ह. भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्राचे पेपर १९९१ पासून इथं खुले असतात. जीएमआरटी टाकलं की यादी येते.

३. लेखकाला मेल. पेपरवर संशोधकाचा पत्ता दिलेला असतो. प्रत मागितली तर बरेच जण आनंदानं पाठवतात.

४. २८ फेब्रुवारी. राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदची दुर्बीण लोकांसाठी खुली असते, विज्ञान प्रदर्शन भरतं. प्रश्न थेट तिथल्या शास्त्रज्ञांना विचारा. रेल्वेचासुद्धा.

वाचताना तीन गोष्टी तपासायच्या. किती माणसं, किती जनावरं, किती वर्षं मोजली? आकडा मोजलेला आहे की कुणी तोंडी सांगितलेला? आणि लेखकानं "कदाचित" कुठं म्हटलंय? डबेवाल्यांच्या फॉरवर्डमध्ये पहिलं उत्तर नव्हतं, दुसरं चुकीचं होतं आणि "कदाचित" तर कुणी ठेवलंच नाही.

पुढच्या वेळी ग्रामसभेत बिबट्याचा विषय निघाला किंवा रेल्वेचा मोर्चा निघाला, तर हातात फॉरवर्डऐवजी अभ्यासाचं एक पान असू द्या. अधिकाऱ्याला मोठा आवाज टाळता येतो. तुमच्याच तालुक्यात मोजलेला आकडा टाळणं त्याला जड जातं.