कुंपण नसलेली सफारी

सफारी म्हटलं की फाटक, जाळी आणि जाळीपलीकडे डुलक्या घेणारा वाघ किंवा सिंह डोळ्यांसमोर येतो. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत यातलं काहीच नाही. आहे तो गुडघाभर गवताचा माळ, मधूनच एखादी बाभूळ किंवा बोर, लांबवर मेंढ्यांचा कळप आणि त्या कळपावर नजर ठेवून असलेला, पण दिसेल न दिसेल असा लांडगा. पुणे वन विभागाने २०२४ मध्ये इथे आणि शेजारच्या बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला माळरान सफारी सुरू केली. नोंदणी ऑनलाइन करायची, गावातला मार्गदर्शक बरोबर घ्यायचा आणि ठरवून दिलेल्या वाटेनेच गाडी न्यायची.

दोन वर्षं आधी याच भागात वेगळ्या सफारीची चर्चा गाजली होती. बारामती तालुक्यातल्या गाडीखेल इथे बिबट सफारी उभारण्याचा राज्य सरकारचा बेत २०२२ मध्ये पुढे आला. बिबट्यांचं माहेरघर आमचं, मग सफारी बारामतीला कशी, असं म्हणत जुन्नर तालुक्यातून जोरदार विरोध झाला. त्या वादात माळाकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. ज्या तालुक्यात बाहेरून बिबटे आणायचे होते, तिथे लांडगा, तरस, खोकड, कोल्हा आणि चिंकारा मुळातच नांदत होते, तेही कुंपणाशिवाय.

हा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. अशा पावसावर घनदाट जंगल उभं राहत नाही, गवत राहतं. पवन्या, मारवेल, कुसळी. पहिल्या सरींनंतर माळ पोपटी होतो, दिवाळीपर्यंत सोनेरी आणि उन्हाळ्यात राखाडी. चिंकारा या जागेसाठीच घडलेला प्राणी आहे. पाला, शेंगा आणि दव यांतून मिळणाऱ्या ओलाव्यावर तो पाण्याविना बरेच दिवस काढतो. त्याच्यासाठी १९९७ मध्ये बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य जाहीर झालं. मोरगावच्या गणपतीचं नाव लाभलेलं हे अभयारण्य अवघं ५.१४ चौरस किलोमीटरचं आहे. तेवढ्यात चिंकारा मावत नाही. तो शेतात येतो, डांबरी रस्ता ओलांडतो आणि पुन्हा माळावर जातो.

या माळाचा खरा धनी मात्र लांडगा. भारतीय लांडगा ही जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या वंशशाखांपैकी एक असल्याचं जनुकीय अभ्यासांतून पुढे आलं आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार देशात प्रौढ लांडगे सुमारे ३,१०० आहेत. वाघाच्या आकड्याशी ताडून पाहिलं तर लांडगा वाघाइतकाच दुर्मीळ ठरतो, पण त्यासाठी राखलेली जागा वाघाच्या मानाने नगण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दोघांनाही जागा आहे. गावाशी शतकानुशतकं नातं मात्र लांडग्याचंच. धनगर वाघूर लावून मेंढ्या बसवतो, रात्रभर कुत्री राखण करतात आणि तरीही एखादं कोकरू जातंच. मेंढपाळ हळहळतो, शिव्या घालतो, पंचनाम्यासाठी वनरक्षकाला बोलावतो. पण म्हणून माळावरचा प्रत्येक लांडगा मारून टाकावा, असं इथे झालं नाही. हा प्राणी आज इथे दिसतो त्याचं मोठं श्रेय या सोसण्याला आहे. सफारीची पत्रकं छापताना ते विसरलं जाऊ नये.

आता माळावरच्या ताज्या घडामोडी. त्या सगळ्याच आनंदाच्या नाहीत.

नीरेच्या कालव्यांनी आणि उजनीच्या पाण्याने ऊस आला, आणि उसाबरोबर बिबट्याही. जो प्राणी पूर्वी इथे ऐकिवातही नव्हता, तो आता बारामती-इंदापूरच्या शिवारात अधूनमधून दिसतो. कोल्ह्याला ऊस मानवला, लांडग्याला मात्र मोकळं रान लागतं. त्याहून मोठा धोका कुत्र्यांचा. पोल्ट्री शेडबाहेर मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकल्या जातात. त्यांवर भटकी कुत्री, लांडगे आणि तरस एकाच ठिकाणी जमतात. तिथेच रोगांची देवाणघेवाण होते. कुत्र्यांतला कॅनाइन डिस्टेंपर पुणे जिल्ह्यातल्या लांडग्यांत आढळला आहे. संकराचंही तसंच. पुण्याजवळच्या माळावर वेगळ्याच पिवळसर रंगाचा एक लांडगा दिसला. पुण्याची द ग्रासलँड्स ट्रस्ट आणि बंगळूरच्या एनसीबीएस व अॅट्री या संस्थांच्या अभ्यासकांनी केसांचे नमुने तपासले, तेव्हा तो लांडगा आणि कुत्रा यांचा संकर निघाला. भारतातला हा पहिला जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळी लागून नाही, तर हळूहळू कुत्र्यांत मिसळून लांडगा संपण्याची शक्यता त्यातून समोर आली.

आणखी एक नुकसान चांगल्या हेतूने झालं. सरकारी कागदांवर माळ म्हणजे ‘पडीक’. पडीक जागा दिसली की चर खणायचे आणि गिरिपुष्प, सुबाभूळ लावायची, हा अनेक वर्षांचा शिरस्ता. झाडांच्या सावलीत गवत मरतं. गवत गेलं की चिंकारा जातो, माळटिटवी आणि धाविक यांना अंडी घालायला उघडी जमीन उरत नाही. माळावर झाड लावणं हे पुण्य नव्हे, हे आता तरी स्पष्ट बोललं पाहिजे. सफारीमुळे निदान एक झालं: माळाला माळ म्हणून किंमत आली, आणि ती गावातल्या पोरांच्या हातात रोख पडू लागली.

इंदापूर तालुक्यातच त्याचं आधीचं उदाहरण आहे. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. पुढे त्या फुगवट्यावर रोहित उतरू लागले, आणि भिगवणजवळच्या कुंभारगावचे मच्छीमार पाहुण्यांना पक्षी दाखवायला होड्या काढू लागले. आज हिवाळ्यात तिथली कितीतरी घरं पक्ष्यांवर चालतात. कडबनवाडीतून भल्या पहाटे माळ फिरायचा आणि दुपारी भिगवणकडे रोहित पाहायला जायचं, हे एका दिवसात सहज जमतं.

माळावर मात्र होडीतल्यासारखं अंतर आपोआप राखलं जात नाही. गाडी वाटेवरून खाली उतरली की गवतातली घरटी चिरडतात. लांडग्याची मादी साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला बिळात पिल्लं घालते, आणि सफारीला गर्दीही त्याच दिवसांत असते. तेव्हा जाणाऱ्यांना एवढीच विनंती: मार्गदर्शक थांबा म्हणाला की थांबा, बीळ दाखवण्याचा हट्ट धरू नका, फोटोसाठी लांडग्यामागे गाडी घालू नका. वाटेत मेंढ्यांचा कळप आडवा आला तर हॉर्न न वाजवता आधी त्याला जाऊ द्या.