आलेख काढण्याआधी

पुण्यातून निघणारं ‘शैक्षणिक संदर्भ’ ज्यांनी चाळलं आहे, त्यांना भोपाळची ‘एकलव्य’ संस्था नवी नाही. या द्वैमासिकाची प्रेरणा ‘एकलव्य’च्याच हिंदी ‘संदर्भ’ची. पण संस्थेची मुळं खेड्यातल्या शाळांत आहेत, आणि आकड्यांचं चित्र कसं घडतं हे तिथल्या वर्गात फार चांगलं कळतं.

१९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पसरला. तो पुढं नेण्यासाठी १९८२ मध्ये ‘एकलव्य’ उभी राहिली. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकात आयती उत्तरं नव्हती. प्रयोग करायचा, नोंदी ठेवायच्या, तक्ता भरायचा, आलेख काढायचा आणि मग त्यावर वर्गात बोलायचं. परीक्षेलाही पुस्तक उघडायची मुभा!

दोलकाचा प्रयोग घ्या. दोऱ्याला खडा बांधून दहा झोके मोजायचे. दोरा २५ सेंटिमीटरचा असेल तर सुमारे १० सेकंद लागतात. दोरा दुप्पट केला की कुणालाही वाटतं, आता २० लागतील. घड्याळात भरतात जेमतेम १४. वीस गाठायला दोरा मीटरभर लांब करावा लागतो.

हे कागदावर उतरवताना खरी कसोटी लागते. एक चौकोन किती सेंटिमीटरचा धरायचा? दोनच मापं घेतली आणि पट्टीनं जोडली, तर सरळ रेघ येते आणि दोलकाचा स्वभाव निसटतो. म्हणून मधली मापं हवीत. एखादा बिंदू रांग सोडून बसला, तर तो खोडायचा नाही. झोका मोजायचा राहिला का, हे पुन्हा पाहायचं. सगळे बिंदू वेडेवाकडे सांधण्यापेक्षा त्यांच्यामधून जाणारी एक सलग वक्ररेषा काढायची.

आता दोरा तोच ठेवून खडे बदलायचे. वेळ जवळपास तेवढाच. पण उभा अक्ष ९.८ पासून १०.२ पर्यंतच ताणला, तर हाताच्या किरकोळ चुकाही डोंगरदऱ्यांसारख्या दिसतात. शून्यापासून सुरू केला, की बिंदू आडव्या रांगेत येतात. आकडे तेच, अक्ष बदलला. ज्या मुलानं खडा स्वतः सोडला आहे, त्याला यातलं कोणतं चित्र खरं बोलतं हे सांगावं लागत नाही. संगणक आज हाच आलेख क्षणात काढून देतो. अक्ष कुठून सुरू करायचा, हेही परस्पर ठरवून टाकतो. म्हणूनच आलेख एकदा तरी हातानं काढलेला असावा.

२००२ मध्ये राज्य सरकारनं हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं शिक्षकांनी, शास्त्रज्ञांनी आणि मुलांनी मिळून घडवलेली रीत अशी थांबायला नको होती. ‘एकलव्य’ मात्र थांबली नाही. मुलांसाठीचं ‘चकमक’, १९८५ पासूनचं, आजही भोपाळहूनच निघतं.